वाळू-रेवेची खाण

वाळू-रेवेची खाण : नदी, हिमनदी किंवा समुद्र यांनी वाहून आणून टाकलेले वाळू, रेव व गोटे यांचे सुटे थर ज्या उघड्या खाणीतून खणून काढतात, धुतात आणि आकारमानानुसार वेगळे करतात, ती खाण. दगडाच्या खाणीप्रमाणे येथे सुरुंग लावावे लागत नाहीत, कारण खडक फोडण्याचे काम निसर्गाने आधीच उरकलेले असते. मात्र निसर्गाने फोडलेला हा माल मिश्र असतो. चिकणमाती, गाळ, बारीक व जाडी वाळू, गोटे आणि अधूनमधून मोठाले धोंडे एकाच थरात सापडतात. बांधकामाला तर ठराविक आकारमानाचे व स्वच्छ कण लागतात. त्यामुळे अशा खाणीत खणण्याचे काम त्या मानाने सोपे असते. बहुतेक यंत्रसामग्री आणि पाणी लागते ते धुण्याला व निवडण्याला.

भूवैज्ञानिक २ मिमी.पर्यंतच्या कणांना वाळू म्हणतात व त्याहून मोठ्या कणांना रेव किंवा गोटे ही नावे देतात. बांधकामात ही सीमा थोडी वर सरकते. भारतीय मानकानुसार ४.७५ मिमी. चाळणीतून खाली पडणारा माल बारीक व तीवर राहणारा माल भरड समजला जातो. बोलीत मात्र अशी काटेकोर विभागणी नाही. पश्चिम महाराष्ट्रात जिला वाळू म्हणतात तिलाच कोकणात व विदर्भात रेती म्हणतात.

पाण्याखालोखाल माणूस जर कोणता पदार्थ सर्वाधिक वापरत असेल, तर तो वाळू, रेव व खडी हाच होय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ मधील अहवालात जगाचा वार्षिक वापर सु. ५० अब्ज टन सांगितला आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर लागणारा हा माल जड व स्वस्त असल्यामुळे त्याच्या किंमतीत वाहतुकीचा वाटा फार मोठा असतो. म्हणून वाळूच्या खाणी शक्य तितक्या शहरांच्या जवळ निघतात. पुढे शहर वाढत जाऊन उरलेल्या साठ्यांवरच घरे बांधली जातात, आणि त्या घरांसाठी लागणारी वाळू आणखी दुरून आणावी लागते.

साठ्यांची निर्मिती : जमिनीवर खणता येण्याजोगे मोठे साठे मुख्यतः गतकालीन नद्या व हिमनद्या यांचे आहेत. उत्तर यूरोप व उत्तर अमेरिका येथे हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्याने वाळू व गोटे यांचे विस्तीर्ण थर पसरविले. न्यूयॉर्क शहरालगतच्या लाँग आयलंड बेटावरील पोर्ट वॉशिंग्टन येथील खाणी अशाच हिमकालीन थरांत होत्या. तेथील वाळू सपाट तळाच्या नावांतून शहरात नेली जाई व न्यूयॉर्कमधील अनेक गगनचुंबी इमारतींचे काँक्रीट तिच्यापासून बनले. इंग्लंडमध्ये टेम्स नदीने आपले पात्र टप्प्याटप्प्याने खाली कोरत नेले. तिच्या जुन्या तळांवरील गोट्यांचे थर आज काठाकाठाने पायऱ्यांसारखे उंचावर राहिलेले दिसतात. या पायऱ्यांमधील माल लंडनच्या बांधकामांना फार वर्षे पुरला आहे. असे साठे वारशाने मिळालेले असतात. ते घडविणारी हिमनदी किंवा तो जुना प्रवाह आता नाही. त्यामुळे उचललेली वाळू तेथे पुन्हा जमत नाही.

वाऱ्याने साचविलेली वाळवंटी वाळू मुबलक असली, तरी तिचे कण बारीक, जवळजवळ एकाच आकारमानाचे व झिजून गोल झालेले असल्यामुळे ती काँक्रीटला सहसा उपयोगी पडत नाही.

साठ्याची पाहणी : खाण सुरू करण्यापूर्वी ठराविक अंतरांवर छिद्रे घेऊन किंवा चाचणीखड्डे खणून थराची जाडी, त्यावरील मातीची जाडी, भूजलाची पातळी व कणांची प्रत तपासतात. नमुना वाळवून एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांमधून हलविला जातो व प्रत्येक चाळणीवर किती भाग राहिला याचे वजन करतात. चांगल्या साठ्यात सर्व आकारमानांचे कण योग्य प्रमाणात असतात, कारण मोठ्या कणांमधील पोकळ्या लहान कणांनी भरल्या तरच सिमेंट कमी लागते [⟶ काँक्रीट]. चिकणमातीचे प्रमाण विशेष महत्त्वाचे असते. कणांवर चिकटलेला मातीचा पापुद्रा सिमेंट व वाळू यांना एकमेकांस धरू देत नाही.

खनिजांची जातही पाहावी लागते. ओपल, कॅल्सेडोनी यांसारखी सिलिकेची काही रूपे सिमेंटमधील अल्कलींबरोबर विक्रिया पावून फुगतात व काँक्रीटला काही वर्षांनी जाळीदार तडे जातात. कॅलिफोर्नियातील अभियंते टॉमस स्टँटन यांनी १९४० मध्ये या विक्रियेचे स्पष्टीकरण दिले. दख्खनच्या काळ्या खडकांच्या पोकळ्यांतून सुटलेले अकीक व कॅल्सेडोनी यांचे गोटे महाराष्ट्रातील अनेक नद्यांच्या रेवेत आढळतात. दिसायला ते सुंदर असले, तरी काँक्रीटच्या दृष्टीने त्यांच्याकडे संशयाने पाहणेच योग्य ठरते.

खणण्याच्या पद्धती : प्रथम पृष्ठावरील सुपीक माती काढून वेगळी रचून ठेवतात. तिच्याखालील निरुपयोगी थराचा ढीगही वेगळा करतात. या दोहोंची सरमिसळ झाल्यास पुढे खाण बुजवून तेथे शेती करणे अशक्य होते, म्हणून हे दिसायला किरकोळ वाटणारे काम खाणीच्या शेवटापर्यंत परिणाम करते.

थर भूजलपातळीच्या वर असेल, तर कोरडी खणती करतात. उत्खनन यंत्र किंवा चाकांवरचे भारक यंत्र उभ्या कडेच्या पायथ्याशी माल उचलते आणि तो मालमोटारीने अथवा वाहक पट्ट्याने धुलाईकेंद्राकडे जातो. येथे एक धोका असतो. कोरडी वाळू सु. ३४ अंशांच्या उतारावरच स्थिर राहते. परंतु किंचित ओलसर वाळूची कडा कणांमधील पाण्याच्या ताणामुळे भिंतीसारखी उभी राहू शकते. ही भिंत पक्की वाटते, मात्र उन्हाने वाळली किंवा पावसाने पूर्ण भिजली की हा ताण नाहीसा होऊन ती पूर्वसूचना न देता ढासळते. पायथ्याशी पोखरत जाऊन वरचा भाग आपोआप पाडण्याची रीत यामुळेच प्राणघातक ठरते. नियमित खाणींत कडेची उंची यंत्राच्या पोचेपर्यंत मर्यादित ठेवतात व ती टप्प्याटप्प्याने मागे नेतात. हाताने खणणाऱ्या मजुरांच्या वाट्याला हा नियम क्वचितच येतो. नदीकाठच्या दरडीखाली वाळू काढताना मजूर गाडले जाण्याच्या घटना भारतात वारंवार घडतात.

थर भूजलपातळीच्या खाली असेल, तर दोन मार्ग असतात. एकतर पंपांनी सतत पाणी उपसून खड्डा कोरडा ठेवायचा, किंवा पाणी तसेच राहू देऊन पाण्याखालून माल काढायचा. पहिल्या मार्गाने काम नीट दिसते व थर पूर्ण काढता येतो, परंतु आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. दुसऱ्या मार्गात दोरांनी ओढल्या जाणाऱ्या बादलीचे ड्रॅगलाइन यंत्र काठावरून चालवितात, अथवा तरंगत्या तराफ्यावरील पंपाने वाळू व पाणी यांचे मिश्रण नळातून काठावर आणतात. पाण्याखालून काढलेला माल थेट न नेता एक-दोन दिवस ढिगाऱ्यात निथळू देतात.

धुणे व निवडणे : केंद्रात आलेला माल प्रथम जाड गजांच्या जाळीवर पडतो. जाळीतून न जाणारे धोंडे बाजूला काढून क्रशरमध्ये फोडतात. उरलेला माल पाण्यासह फिरत्या पिंपात किंवा पात्यांच्या आडव्या दंडांमध्ये घुसळला जातो. कण एकमेकांवर घासल्याने मातीचे गोळे फुटतात व पापुद्रे सुटतात. त्यानंतर तो एकावर एक बसविलेल्या कंपन चाळण्यांवर येतो. वरून पाण्याचे फवारे चालू असतात. प्रत्येक चाळणीवर राहिलेले गोटे वेगवेगळ्या पट्ट्यांवरून आपापल्या ढिगाकडे जातात व वाळू पाण्याबरोबर तळाशी उतरते.

वाळू व गाळ यांची फारकत चाळणीने होत नाही, कारण इतक्या बारीक छिद्रांची चाळणी लगेच तुंबते. येथे कणांच्या बुडण्याच्या वेगाचा उपयोग करतात. तिरक्या हौदात वाळू तळाशी बसते आणि संथ फिरणारे मळसूत्र तिला वर ओढत नेते. हलका गाळ मात्र पाण्याबरोबर काठावरून वाहून जातो. काही केंद्रांत शंकूच्या आकाराच्या नळकांड्यात पाण्याचा भोवरा निर्माण करून हेच काम अधिक काटेकोरपणे करतात. गढूळ पाणी एकापाठोपाठच्या तळ्यांतून सोडतात व निवळल्यावर पुन्हा वापरतात. ही तळी हळूहळू मऊ गाळाने भरतात. वरून वाळून कडक दिसणारा त्यांचा पृष्ठभाग आत दलदलीसारखा असतो, म्हणून त्यांना कुंपण घालणे आवश्यक असते.

साठवण व मोजमाप : रचतानाही माल बिघडू शकतो. उंचावरून एकाच जागी टाकलेल्या ढिगाचे मोठे गोटे घरंगळत कडेला जातात व बारीक कण मध्यभागी राहतात. धुलाईत निवडलेली प्रत अशा वेळी पुन्हा विस्कटते. म्हणून ढीग थराथराने रचतात.

महाराष्ट्रात वाळू ब्रासने मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सु. २.८३ घनमीटर, तिचे वजन सु. साडेचार टन भरते. घनफळाने मोजण्यात एक मोठी मेख आहे. वाळूत सु. ५ टक्के ओलावा असताना प्रत्येक कणाभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू सु. २० ते ३० टक्क्यांनी फुगते. बारीक वाळू त्याहूनही अधिक फुगते. पूर्ण भिजल्यावर ती पुन्हा कोरड्या वाळूइतकीच जागा व्यापते. ओलसर वाळूची भरलेली गाडी घेणारा त्यामुळे मापात कमी वाळू घेतो; एवढेच नव्हे, तर घनफळाने प्रमाण मोजून काँक्रीट करणाऱ्याच्या मिश्रणातही वाळू कमी पडते. हे फुगणे ओळखण्याची रीत सोपी आहे. सरळ बाजूंच्या भांड्यात ओलसर वाळू भरून तिची उंची मोजावी, मग तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवून ढवळावी व खाली बसल्यावर पुन्हा मोजावी. दोन उंचींमधील फरकावरून फुगण्याचे प्रमाण कळते. काचेच्या बरणीत वाळू व पाणी हलवून ठेवल्यास वर बसणाऱ्या थरावरून गाळाचाही अंदाज येतो. भारतीय मानकाने नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक द्रव्य वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच मान्य केले आहे.

खाण संपल्यानंतर : भूजलपातळीखालील खाणींची तळी होतात. टेम्सच्या वरच्या खोऱ्यात अशा सु. १८० तळ्यांचा कॉट्स्वोल्ड वॉटर पार्क हा प्रदेश बनला आहे. तेथे नौकाविहार, मासेमारी व पक्षिनिरीक्षण चालते. कोरड्या खाणींत राखून ठेवलेली माती पसरून शेती केली जाते. पुष्कळ खाणी शहरी कचऱ्याने भरल्या गेल्या. खालचा थर पाणी झिरपू देणारा असल्यामुळे हा उपाय भूजलाला सर्वांत घातक ठरला. विमानतळांजवळ पाणपक्ष्यांचा उपद्रव टाळण्यासाठी नवी तळी होऊ न देण्याची दक्षता घेतात. चालू खाणींतही पक्षी राहतात. उभ्या वाळूच्या कड्यात बिळे करणाऱ्या भिंगऱ्या खाणीची ताजी कडा पसंत करतात व इंग्लंडमध्ये त्यांच्या विणीच्या काळात त्या भागातील खणती थांबविली जाते.

मानवाच्या प्राचीन इतिहासाचे काही महत्त्वाचे पुरावेही वाळूच्या खाणींतूनच मिळाले आहेत. जर्मनीत हायड्लबर्गजवळील मौअर येथील खाणीच्या मालकाला ओटो शोटेनझाक या अभ्यासकाने सापडणाऱ्या हाडांवर लक्ष ठेवण्याची विनंती केली होती, सु. वीस वर्षांनी, १९०७ मध्ये, तेथील एका कामगाराच्या फावड्याखाली आदिमानवाचा जबडा आला. इंग्लंडमधील स्वान्सकोम येथील रेवेच्या खाणीत एकाच कवटीचे तीन तुकडे १९३५, १९३६ व १९५५ मध्ये मिळाले. महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांनी अभ्यासलेली अश्मयुगीन हत्यारेही नदीने साचविलेल्या जुन्या रेवेच्या थरांतील आहेत.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्याचा बहुतांश भाग बेसाल्ट या काळ्या खडकाचा आहे. बेसाल्टात क्वार्ट्‌झ जवळजवळ नसते व तो कुजून मुख्यतः चिकणमाती बनते. दख्खनची काळी जमीन ही त्याचीच परिणती होय. त्यामुळे येथे हिमकालीन थरांसारखे विस्तीर्ण साठे नाहीत आणि जमिनीवरील खाणीऐवजी नदीचे वाहते पात्र हीच वाळूची खाण ठरली. पूर्व विदर्भात ग्रॅनाइट, पट्टिताश्म व वालुकाश्म यांच्या प्रदेशांतून येणाऱ्या वैनगंगा, कन्हान इ. नद्यांची वाळू क्वार्ट्‌झयुक्त व उत्तम प्रतीची असते. नागपूरच्या बांधकामांत कन्हानची वाळू नावाजलेली आहे. कोकणात उल्हास, वैतरणा इ. नद्यांच्या खाड्यांतून रेती काढतात. तेथील जुन्या हातपाटी-डुबी पद्धतीत मजूर होडीतून बुडी मारून तळाची रेती भरून वर आणतो. खाडीच्या रेतीतील क्षारांमुळे काँक्रीटमधील लोखंड गंजते, म्हणून ती गोड्या पाण्याने धुणे अगत्याचे असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरातील सिलिका वाळूच्या खाणी वेगळ्या प्रकारच्या आहेत; त्यांचा माल काच व ओतकाम यांसाठी जातो.

पात्रातील वाळू दर पावसाळ्यात काही अंशी भरून येते, हा जमिनीवरील साठ्यांच्या तुलनेत तिचा लाभ होय. मात्र भरून येण्यालाही मर्यादा आहे. वरच्या अंगाला धरण असल्यास भरड द्रव्य जलाशयातच अडकते व खाली येणारे पाणी रिकाम्या हाताने येते. पात्रात खोल खड्डा केला की त्याच्या वरच्या तोंडाशी उतार तीव्र होऊन प्रवाह तेथील तळ खरवडू लागतो आणि ही धूप प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत जाते. खड्ड्यात वाळू टाकून मोकळे झालेले पाणी खालच्या अंगालाही तळ कोरते. खड्डा एका जागी असला, तरी त्याचे परिणाम दोन्ही बाजूंना पोचतात. पोर्तुगालमध्ये दोरू नदीवरील हिंत्झे रिबेरो पूल ४ मार्च २००१ च्या रात्री कोसळून ५९ लोक मृत्युमुखी पडले. अनेक वर्षांच्या वाळूउपशाने त्याच्या खांबाखालचा तळ खचला होता.

दुष्काळी भागात आणखी एक नुकसान होते. नदी वरून कोरडी दिसली, तरी पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते. एक घनमीटर जाड्या वाळूतून सु. २०० लिटर पाणी निघू शकते. वाळूच्या आच्छादनाखाली त्याचे बाष्पीभवनही फारसे होत नाही. उन्हाळ्यात पात्रात झिरे खणून पाणी भरणाऱ्या आणि काठच्या विहिरींवर बागायत करणाऱ्या गावांचा तोच जलाशय असतो. वाळू खडकापर्यंत खरवडून नेली म्हणजे पुराचे पाणी थांबत नाही व विहिरी लवकर आटतात. वाळूच्या लिलावाला गावांचा जो विरोध होतो त्याचे मूळ येथे आहे.

कायद्याने साधी वाळू व रेव ही गौण खनिजे आहेत. खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ अन्वये त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उपशावर दंडाची तरतूद असून गौण खनिज उत्खननाचे सविस्तर नियम २०१३ मध्ये करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रांनाही पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्रातील खणतीची खोली ३ मी. किंवा पाण्याची पातळी यांपैकी जी कमी असेल तितकीच ठेवावयाची असते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शासकीय आगारांतून ६०० रु. ब्रास दराने वाळू देण्याची पद्धत आणली व २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची पद्धत स्वीकारली. दर व विक्रीची रीत कोणतीही असो, खोलीची मर्यादा पाळली गेली की नाही हे खणती संपल्यावर ओळखणे अवघड असते, कारण पहिल्या पुरात खड्ड्याच्या कडा पुसल्या जातात. उपशापूर्वी व नंतर पात्राची पातळी मोजून ठेवणे हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे.

कृत्रिम वाळू : नदीच्या वाळूला पर्याय म्हणून बेसाल्ट फोडून केलेली वाळू महाराष्ट्रातील शहरांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. भारतीय मानकाच्या २०१६ मधील आवृत्तीने अशा वाळूला स्पष्ट स्थान दिले. दगड केवळ फोडून भागत नाही. फोडलेले कण लांबट व टोकदार असल्यामुळे काँक्रीट घट्ट बसत नाही व पाणी अधिक लागते. म्हणून उभ्या आसाच्या यंत्रात दगडांचे तुकडे वेगाने एकमेकांवर आपटवून त्यांच्या कडा मोडतात. खडीच्या क्रशरखाली साचणारी भुकटी आणि अशी घडविलेली वाळू या भिन्न वस्तू होत, परंतु बाजारात पहिली दुसरीच्या नावाने विकली जाते. फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालील द्रव्य १५ टक्क्यांपर्यंत चालते, कारण ते बहुतांशी दगडाचे पीठ असते, चिकणमाती नसते. क्रशरला दिलेला दगड कुजका किंवा मातीमिश्रित असेल, तर हा फरक उरत नाही. तेव्हा ही वाळूही नदीच्या वाळूप्रमाणेच धुऊन घ्यावी लागते.